घंटाघराच्या भिंतीवरची नावं

आमच्या गावात चर्च एकच, आणि त्याचा मनोरा अर्धवट. दीडशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांचा दगड संपला म्हणतात, किंवा उत्साह. वर टोकदार कळस व्हायचा होता, तिथे तात्पुरतं पत्र्याचं छप्पर टाकलं आणि ते तात्पुरतं आजपर्यंत टिकलं. गावात कोणाचं काम अर्ध्यात राहिलं की अजूनही लोक म्हणतात, ‘झाला याचा मनोरा.’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, निम्म्या वेळा माझ्याबद्दलच.

मी रंगारी. बेचाळीस वर्षं या गावाच्या भिंती, दारं आणि दुकानांच्या पाट्या रंगवतोय. माझं तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, ते सांगायला कोणी माझ्या घरी यायची गरज नाही. पण माझ्या हातची भिंत बघा. आधी खरवडणं, मग भेगा-खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, मग घासणं, मग रंग. एक ओरखडा दिसला तर नाव बदलीन. या हाताचा मला फार अभिमान होता आणि तोच मला नडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते माझ्या बाबतीत अक्षरशः झालं.

गेल्या वर्षाच्या शेवटी धर्मप्रांताच्या कचेरीतून पत्र आलं. अँग्लिकन मंडळींचं सगळं कागदावर चालतं, त्यामुळे मरणाची बातमीसुद्धा मोठ्या अदबीने येते. रविवारच्या उपासनेला बावीस माणसं, त्यातली चार झोपलेली, छप्पर गळकं, तेव्हा इमारत विकायचा विचार आहे. घेणारा तयार होता. त्याला तिथे फर्निचरचं शोरूम काढायचं होतं, म्हणजे चर्च पाडायचं होतं. एकच वाट उरली होती. वारसा खात्याच्या यादीत इमारत चढली की तिला कोणी धक्का लावू शकत नाही, वर छपराच्या दुरुस्तीला सरकारी मदत मिळते. पाळकसाहेबांनी अर्ज केला आणि तीन महिन्यांनी उत्तर आलं की पाहणीला अधिकारी येतील.

आमची समिती सहा जणांची. पाळकसाहेब, ऑर्गन वाजवणारी मावशी, घड्याळजी, मी आणि आणखी दोघं, जे फक्त मान डोलवायला येतात. घड्याळजी माझा जुना मित्र. बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि मनोऱ्यातलं घड्याळ, घंटा आणि घंटाघराची, म्हणजे मनोऱ्यातल्या वरच्या खोलीची, किल्ली हे सगळं त्याच्याकडे असतं. पाहणीचं पत्र वाचल्यावर मावशी म्हणाली की पाहुणे यायच्या आधी घर झाडायचं असतं, एवढं तरी आपल्याला कळतं. मग काय, सगळं चर्च कामाला लागलं. ज्याच्या पंखांवर बायबल ठेवतात तो पितळी गरुड चिंचोक्याएवढाही डाग न ठेवता घासून निघाला. खिडकीतल्या मेंढपाळाच्या चित्राच्या रंगीत काचेवरची कित्येक वर्षांची धूळ उतरली. आणि पाळकसाहेबांनी, जे आमच्याकडे नवीन आहेत आणि ज्यांना सगळं नीटनेटकं लागतं, म्हटलं की घंटाघरातली ती भिंत फार गिचमिड दिसते.

त्या भिंतीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गावची रीत अशी, की गाव सोडून लांब जाणारा माणूस निघायच्या दिवशी घंटाघरात चढतो आणि दोरीला बांधलेल्या मोठ्या खिळ्याने भिंतीवर आपलं नाव आणि तारीख कोरतो. मग तो चर्चला येणारा असो नाहीतर नसो. परत आला की नावापुढे बरोबरची खूण करतो. खूण ज्याची त्यानेच करायची, आईबापाने केलेली चालत नाही. पुन्हा गेला तर पुन्हा नवी ओळ, पुढे जागा मोकळी. कोणी कामाला गेले, कोणी लढाईला, कोणी जहाजावर, कोणी नुसते कंटाळून. शंभराच्या वर वर्षांची नावं होती. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. आपल्या घरातल्या दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा असतात, तसंच ते.

त्या भिंतीवर खिडकीच्या डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर, माझ्या लेकीचं नाव होतं. अकरा वर्षांपूर्वीचं.

आम्ही तिला खारूताई म्हणायचो, कारण चालता यायच्या आधी ती शिडी चढली. सतराव्या वर्षापासून माझ्याबरोबर कामाला होती. पाट्यांवरची अक्षरं काढण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही, गिऱ्हाइकांना सांगायचो. तिला शहरात एका कारखान्यात काम मिळालं, जुन्या नाट्यगृहांची रंगीत छतं पुन्हा रंगवायचं. आठ वर्षं शिकवून तयार केलेला माणूस जातो म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. बायको म्हणत होती, जाऊ दे तिला, लेक आहे, शिडी नाही, भिंतीला टेकवून ठेवायला. शब्दाने शब्द वाढला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, ‘जा. पण पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.’ ती गेली. जाताना नाव कोरून गेली हे मला घड्याळजीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन बघून आलो आणि त्यानंतर घंटाघरात पाऊल ठेवलं नाही.

पुढे चार वर्षांनी बायको गेली. फुप्फुसात पाणी झालं, आठवड्यात खेळ संपला. मी लेकीला कळवलं नाही. म्हटलं, ज्यांना कळवायचं ते कळवतील. हे सांगताना आजही मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला वाटत होतं की ती आपणहून येईल, दार ठोठावेल आणि मी उघडीन, एवढं माझ्याकडून पुरेसं आहे. ती आली नाही. त्यानंतर सात वर्षं मी एका कानाने दाराकडे ऐकत जगतोय. काम करतो, जेवतो, भांडतो, पण एक कान तिकडेच.

तर ती भिंत चकचकीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण समितीत सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात कीव होती. कीव मला सोसत नाही. म्हटलं, परवा करतो. घड्याळजी एकदम म्हणाला, ‘भिंत मी करतो. तू छताचं लाकूड कर.’ मी हसलो. त्याच्या हातात लांबीची पट्टी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. नंतर तो दोनदा घरी येऊन तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मी त्याला सांगितलं की तू घड्याळं बघ, तीसुद्धा मागे पडतायत.

वर चढताना मला दोनदा थांबावं लागलं. गुडघे आता कुरकुरतात. चुन्याची लांबी कालवली आणि विचार केला, कडू घोट आधी घ्यावा. तिच्या नावापासूनच सुरुवात करायची, नाहीतर दिवसभर डोळा तिकडेच राहील. जागा मला पाठ होती. मान वळवली, डोळे मिटले आणि पहिले तीन-चार पट्टे वरखाली तिथेच ओढले. बघितलं असतं तर हात चालला नसता. पुढची सगळी भिंत मी डोळे उघडे ठेवून केली, आणि माझ्या रिवाजाप्रमाणे केली. प्रत्येक अक्षराच्या खाचेत लांबी दाबून भरली, घासली, वर चुन्याचे दोन हात मारले. चार दिवसांनी भिंत अशी झाली की त्यावर माशी बसली तर घसरावी.

तीन आठवड्यांनी वारसा खात्याच्या बाई आल्या. चाळिशीच्या, पायात चिखलाचे बूट, गळ्यात टेप. त्या फार कमी बोलायच्या आणि सगळीकडे बोटांनी टकटक करायच्या. आम्ही सहाही जण त्यांच्या मागे वरातीसारखे. मेंढपाळाची काच बघून त्या म्हणाल्या की अशा काचा त्या काळी कारखान्यातून यादी बघून मागवायचे, हुबेहूब अशा एकतीस त्यांनी स्वतः पाहिल्यात. मावशी त्या काचेखाली लग्नाला उभी राहिली होती, तिचं तोंड एवढंसं झालं. पितळी गरुडही तसाच, यादीतला. दगडकाम चांगलं, पण पलीकडच्या दोन गावांत याहून चांगलं. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, ‘छान आहे. पण असं पुष्कळ ठिकाणी आहे.’ पाळकसाहेबांनी अर्धवट मनोरासुद्धा दाखवून बघितला. अर्धवट मनोरेही पुष्कळ ठिकाणी होते म्हणे.

मग त्या घंटाघरात चढल्या. माझ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तळहात फिरवला. मी कौतुकाची वाट बघत होतो.

‘ही कोणी केली?’ त्यांनी विचारलं.

‘मी,’ मी म्हणालो, आणि खरं सांगतो, छाती पुढे काढून म्हणालो.

‘नावं कुठे गेली?’

मान डोलावणारे दोघंही स्थिर झाले. बाईंनी पिशवीतून एका जुन्या पत्राची प्रत काढली. शंभर वर्षांपूर्वी इथल्या कोण्या खलाशाने आईला लिहिलेलं, जुन्या कागदांच्या संग्रहात त्यांना सापडलेलं. घंटाघरात नाव कोरून आलोय, खूण करायला येईनच, तोवर दिवा लवकर विझवत जाऊ नकोस, असं त्यात होतं. त्या पत्रासाठी बाई स्वतः आल्या होत्या, नाहीतर खात्याने एखाद्या शिकाऊ माणसाला पाठवलं असतं. असं चर्च दर दुसऱ्या गावात असतं, त्या म्हणाल्या, पण अशा भिंतीबद्दल त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. या इमारतीचं मोल असलंच तर त्या भिंतीत होतं. पाच जणांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मनोऱ्याला कठडा नसता तर मी बरा सुटलो असतो.

बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी एका कोपऱ्यावर पाण्याचा फडका दाबून धरला, बांबूची चोय घेतली आणि हळूच खरवडलं. एक जुना आकडा वर आला. लांबी अजून कोवळी होती. लोखंड न लावता, बोटभर बोटभर करत गेलं तर सगळं निघेल, असं त्यांनी सांगितलं. अर्जाचे कागद पुरे करायची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मी म्हटलं, घातली मी, काढीनही मीच. बाईंनी माझे हात बघितले आणि होकार दिला.

पण संध्याकाळी समितीसमोर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अर्जाच्या शेवटच्या कागदावर सहाही जणांच्या सह्या लागतील, आणि सह्या झाल्या की त्या भिंतीवर पुन्हा कोणी काही कोरायचं नाही. जपायचं म्हणजे आहे तसं ठेवायचं. खिळा काचेच्या पेटीत जाईल.

मी विचारलं की मग जे परत येतील त्यांनी खूण कुठे करायची. बाई म्हणाल्या, एक वही ठेवता येईल. मी म्हटलं, वही किराणा दुकानात ठेवतात. मग मी उठलो आणि सांगून टाकलं की मी सही करणार नाही. माझी लेक यायची आहे. ती येईल, वर चढेल आणि नावापुढे खूण करील, तोपर्यंत ही भिंत उघडी राहिली पाहिजे. हे मी अकरा वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर बोललो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी भिंत उघडी करायची आणि दुपारी लोकांचं ऐकायचं, असा माझा दिनक्रम झाला. गावात गोष्ट पसरायला वेळ लागतो तेवढ्यात चहासुद्धा होत नाही. न्हाव्याने, जो एरवी कान किटवतो, एक शब्द न बोलता माझे केस कापले, आणि वाईट कापले. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांचं देऊळ जाईल असं ते म्हणाले नाहीत, पण तेवढंच म्हणायचं बाकी ठेवलं. मी म्हटलं, मला कळतं. कळत होतंच. छप्पर गळायचं तर थांबणार नव्हतं, आणि शोरूमवाला माप घ्यायला एकदा येऊनही गेला होता. पण सही करायची म्हणजे माझ्या हाताने लिहून द्यायचं, की आता कोणी येणार नाही. ते माझ्याच्याने होत नव्हतं.

मग एका दुपारी मावशी आली. तिच्या भावाचं नाव भिंतीवर चाळीस वर्षं आहे. जहाजावर गेला होता. जहाजच परत आलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि मला चहासुद्धा करू दिला नाही.

‘तू तुझ्या लेकीसाठी जागा मोकळी ठेवतोयस,’ ती म्हणाली. ‘माझ्या दादाला आता खूण करायची नाही. पण त्याचं नाव त्या भिंतीवर आहे, आणि दुसरीकडे कुठेच नाही. भिंत पाडली तर मी त्याला कुठे ठेवू?’

फटकळ माणसाला गप्प करायचं तर आवाज चढवून भागत नाही, हे तिला बरोबर माहीत होतं. ती गेल्यावर मी बराच वेळ तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की तिचं खरं आहे, आणि तरी माझं सुटत नाही.

भिंत उघडी व्हायला बारा दिवस लागले. फडका दाबायचा, थांबायचं, चोय फिरवायची. बाई एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. नावं वर यायची तसा मला त्यांचा लळा लागत गेला. एकाने नाव कोरताना चूक करून ते पुन्हा कोरलं होतं. दोन भावांनी एकाच तारखेला, एकापुढे खूण, दुसऱ्यापुढे नाही. एका बाईने पाच वेळा गाव सोडलं होतं आणि पाचही वेळा परत आली होती. तिच्या नवऱ्याबद्दल मी बाईंना जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. बाई हसल्या. हसताना त्या चांगल्या दिसायच्या. त्यांनाही माझ्याकडून सही हवी होती, पण त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

घड्याळजी रोज वर येऊन स्टुलावर बसायचा. काम काही नाही. किल्ली या हातातून त्या हातात. मी एकदा विचारलं की दुकान कोण बघतंय. तो म्हणाला, घड्याळं आपली आपण चालतात.

खिडकीच्या डाव्या हाताची जागा मी शेवटी ठेवली होती. घालताना पहिली तीच घातली होती, काढताना शेवटी काढली. बाराव्या दिवशी सकाळी बाईंनी आपली बाजू संपवली आणि त्या खाली वहीत लिहायला गेल्या. मला वाटतं, मुद्दाम गेल्या. मी फडका दाबला. या वेळी डोळे उघडे ठेवले. तिचं पहिलं अक्षर आलं. तिच्या पाटीवरच्या अक्षरासारखंच, खिळ्याने कोरलेलं असूनही खालची रेघ सरळ. मग पूर्ण नाव आलं. मग तारीख.

मग तारखेपुढे एक तिरकी खाच दिसली. मला वाटलं, माझ्याच चोयीचा ओरखडा. फडका पुन्हा लावला. खाच खोल होती. आखूड रेघ खाली, लांब रेघ वर. बरोबरची खूण.

आणि त्याच्या खाली दुसरी ओळ. तेच नाव, तीच अक्षरं, सात वर्षांपूर्वीची तारीख. तिच्या आईला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. त्या ओळीपुढे जागा मोकळी.

मी मागे वळलो तर घड्याळजी उभा होता. त्याच्या हातातली किल्ली थांबली होती.

‘तिला मीच कळवलं होतं,’ तो म्हणाला. ‘पत्र उशिरा मिळालं तिला. आली ती आधी आईकडे गेली, कबरीपाशी. मग माझ्याकडे किल्ली मागायला.’

‘आणि घरी?’

‘मी म्हटलं चल, मी येतो बरोबर. ती म्हणाली, बाबांनी घरात पाऊल टाकू नकोस म्हटलंय. या खिडकीत उभी राहिली, समोर तुझं घर. तू दारात बाकाला रंग देत होतास. अर्धा तास बघत होती. मग म्हणाली, ब्रश फार भरून घेतायत, ओघळ येणार. आणि ही दुसरी ओळ कोरून गेली.’

मला तो बाक आठवला. ओघळ आले होते. दोनदा घासावा लागला होता.

सात वर्षं मी म्हणत होतो की ती आली नाही. ती आली होती. दीडशे पावलांवर उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं होतं आणि माझा शब्द पाळून परत गेली होती. आयुष्यात तिने माझं एवढंच एक ऐकलं, आणि तेच ऐकायला नको होतं. मी घड्याळजीवर ओरडायला तोंड उघडलं. त्याने मला का सांगितलं नाही? पण उत्तर मला ठाऊक होतं. तिचं नाव काढलं की मी उठून जायचो. त्याने दोन-तीनदा काढलंही असेल. मी स्टुलावर बसलो आणि रडलो. साठी उलटलेला माणूस रडतो तेव्हा चांगला दिसत नाही, म्हणून घड्याळजी खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याने सांगितलं की तिचा फोन त्याला महिन्याकाठी येतो. फार बोलत नाही. बाबांच्या गुडघ्यांचं काय म्हणून विचारते. चर्चचं हे सगळं तिला त्याने कळवलेलं नव्हतं.

खाली येऊन मी बाईंना विचारलं की महिनाअखेरीला अजून किती दिवस आहेत. त्या म्हणाल्या, नऊ. मी म्हटलं, नवव्या दिवशी सही करतो. त्या आधी जो येईल त्याला खूण करता येईल ना? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या की सह्या होईपर्यंत भिंत तुमचीच आहे.

घड्याळजीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत निघून गेला, म्हणजे जेमतेम चार पावलं. भोवती पंधरा-वीस घड्याळं, एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. तिकडून आवाज आला, ‘बोला काका.’

‘काका नाही,’ मी म्हणालो. ‘मी आहे.’

मग मी सुरू झालो. पत्र, शोरूम, वारसा खातं, लांबी, फडका, चोय, बाईंची अट, सहा सह्या, नऊ दिवस. काय सुचेल ते. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू होता येणार नाही अशी भीती वाटत होती. तिच्या दुसऱ्या ओळीपुढे जागा मोकळी आहे, सांगितलं. महिनाअखेर झाली की ती कायमची तशी राहील, सांगितलं. मी स्वतः लांबी काढलीय आणि एकही अक्षर दुखावलेलं नाही, हेही सांगितलं. माझा श्वास संपला तेव्हा मी थांबलो.

तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी कोणी शिडी सरकवत होतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मला तुम्ही घंटाघरात बोलावताय, की घरात?’

‘घरात,’ मी म्हणालो. ‘आधी घरात ये. घंटाघराचं मग बघू.’